मिशिगनच्या तेरा मतदारसंघांतून

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४, ट्रॉय

आजपासून अमेरिकेतल्या मिशिगन राज्यभर लवकर मतदान सुरू झालं. निवडणुकीचा खरा दिवस ५ नोव्हेंबर. पण २०२२ साली इथल्या मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून घेतली आणि त्याआधी किमान नऊ दिवस केंद्रावर येऊन मत देण्याचा हक्क मिळवला. सार्वत्रिक निवडणुकीत तो पहिल्यांदाच वापरला जातो आहे. धाकटा भाऊ सकाळीच म्हणाला, "अक्का, तुझी ड्युटी संपली, आता माझं मतदान बघायला चल."

चंदगड तालुक्यात मास्तरकी करताना मी कितीतरी निवडणुकांना केंद्रावर बसले आहे. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एस.टी.ने गावात पोचायचं, शाळेच्या वर्गात रात्र काढायची आणि पहाटे मॉक पोल घेऊन सात वाजता दार उघडायचं. त्यामुळे ट्रॉयच्या केंद्रात शिरताच माझी नजर आधी टेबलांवर गेली. ओळखपत्र पाहणारी बाई, मतपत्रिका छापून देणारा तरुण, यंत्राशेजारी उभे असलेले आजोबा. भावाने सांगितलं की इथे केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांत दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असावीच लागतात. सरकारी नोकर कोणी नाही. सगळे आसपास राहणारे, थोड्या मानधनावर आलेले. फोटोचं ओळखपत्र नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येतं. बोटाला शाई नाही.

मतपत्रिका मात्र लांबलचक, पाठपोट छापलेली. सगळ्यांत वर एकाच पक्षाला सरसकट मत देण्याची सोय. मग राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, हाउसचा म्हणजे प्रतिनिधीगृहाचा सदस्य, राज्याच्या सभागृहाचा सदस्य, राज्य शिक्षण मंडळ, तीन विद्यापीठांची नियामक मंडळं, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, काउंटीचे अधिकारी, शाळा समिती. प्रत्येक नावापुढे एक लंबगोल, तो काळ्या पेनाने भरायचा. भावाला पुरती दहा-पंधरा मिनिटं लागली. मग कागद त्याने स्वतःच्या हाताने यंत्रात सरकवला. यंत्र मोजतं, पण कागद आत शाबूत राहतो आणि वाद झाला तर तोच बाहेर काढून मोजतात. आमच्याकडे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. इथे मतदाराने भरलेला कागद हाच मूळ पुरावा, हे मला मनापासून आवडलं.

बाहेर पडताना त्याला एक स्टिकर मिळाला. अंगातला शर्ट टराटरा फाडून आकाशाकडे तोंड करून ओरडणारा लांडगा-माणूस, मागे अमेरिकेचा झेंडा आणि 'मी मत दिलं' ही अक्षरं. राज्याने यंदा स्टिकरच्या चित्रांची स्पर्धा घेतली होती, त्यात हे चित्र एका बारा वर्षांच्या मुलीने काढलं होतं. भावाने तो जॅकेटवर लावला आणि दिवसभर काढला नाही.

ट्रॉय हा ११वा मतदारसंघ. हेली स्टीव्हन्स इथल्या डेमोक्रॅटिक खासदार, आणि त्यांना हरण्याची भीती नाही. पण मिशिगनमध्ये असे तेरा मतदारसंघ आहेत आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर त्यांच्या सीमा पुन्हा आखल्या जातात. २०२०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १ कोटी ७७ हजार भरली, वाढीचा वेग इतर राज्यांपेक्षा कमी पडला, म्हणून चौदातला एक मतदारसंघ गेला. आता प्रत्येकात ७ लाख ७५ हजारांच्या आसपास माणसं, तीही जवळजवळ माणूस मोजून सारखी. आमच्या कोल्हापूर लोकसभेला नुसते मतदारच १९ लाखांच्या वर आहेत.

सीमा बदलल्या की काय होतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. २००८च्या पुनर्रचनेत गडहिंग्लज हा विधानसभेचा मतदारसंघच नकाशावरून गेला. आमच्या चंदगडला त्याचा एक भाग जोडला, दुसरा कागलला गेला. त्यानंतर कार्यकर्ते बदलले, पुढाऱ्यांचे दौरे बदलले आणि कोणत्या रस्त्याला निधी मिळतो तेही बदललं. म्हणून यंदा दिवाळीला भावाकडे आले तेव्हाच त्याला म्हटलं होतं, मला मॉल नको दाखवू, हे तेरा मतदारसंघ दाखव.

रविवार, २७ ऑक्टोबर, डेट्रॉइट

१३वा मतदारसंघ. माझ्यासाठी सगळ्यांत जवळचा, कारण इथले खासदार श्री ठाणेदार. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला बेळगावला जातात. त्याच बेळगावात वाढलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस डेट्रॉइटचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला बसतो. मुंबई विद्यापीठातून शिकून ते १९७९ साली अमेरिकेत आले, १९८२ मध्ये ॲक्रन विद्यापीठाची रसायनशास्त्रातली पीएच.डी. मिळवली, उद्योग उभे केले. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी मागितली तेव्हा तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या सभागृहात पोचले आणि २०२२ मध्ये हाउसमध्ये. १९५६ साली भाषेच्या रेषेने ज्यांचं शहर आमच्यापासून तोडलं गेलं, त्यांच्यापैकी एक इथे नव्याने आखलेल्या मतदारसंघातून निवडून आला. अभिमान वाटतोच, तो मी लपवणार नाही.

पण डेट्रॉइटच्या रस्त्यांवरून फिरताना दुसरी बाजूही ऐकावी लागते. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०२०च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार उरली. गल्लीत चार घरं उभी, मग तीन रिकामे प्लॉट गवताने भरलेले, मग पुन्हा एक घर, त्याच्या ओट्यावर भोपळे आणि हॅरिसचा फलक. या शहरातून चार्ल्स डिग्ज १९५५ साली हाउसमध्ये गेले. जॉन कॉन्यर्स १९६५ पासून २०१७ पर्यंत होते. त्यांच्याच इथल्या कार्यालयात रोझा पार्क्स यांनी १९६५ ते १९८८ नोकरी केली. माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच रोझा पार्क्स. डिग्ज यांच्यापासून, म्हणजे १९५५ पासून २०२३ पर्यंत, जवळजवळ सत्तर वर्षं, डेट्रॉइटचा निदान एक खासदार कृष्णवर्णीय असायचाच. आता तो धागा तुटला आहे.

एका चर्चच्या आवारात प्रार्थनेनंतर लोक मतदानाला निघण्यासाठी बसमध्ये चढत होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारी थेट मतपेटीकडे जाण्याची जुनी रीत आहे. टोपी घातलेल्या एका आजींशी भावाने माझी ओळख करून दिली, "ही माझी बहीण, ठाणेदारांच्या गावाकडची." आजी हसल्या. म्हणाल्या, माणूस बरा आहे, फोन केला तर कार्यालयातून उत्तर येतं, पण माझ्या आईने ज्या हक्कासाठी मार खाल्ला त्याची जागा अशी कशी गेली?

त्याचं उत्तर सीमांत आहे आणि उमेदवारांच्या गर्दीतही. नव्या नकाशात कृष्णवर्णीयांचं स्पष्ट बहुमत असलेला हाउसचा एकही मतदारसंघ राहिला नाही. त्यात २०२२च्या पक्षांतर्गत निवडणुकीला नऊ उमेदवार उभे राहिले, बाकीच्यांत मतं वाटली गेली आणि ठाणेदार २८ टक्के मतांवर जिंकले. यंदा त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांचा अर्ज पुरेशा वैध सह्या नसल्याने बाद झाला. नियमात सगळं बसलं. आजींचा प्रश्न मात्र रास्तच आहे, आणि मला वाटतं त्याचं ओझं ठाणेदारांनाही जाणवत असणार.

सोमवार, २८ ऑक्टोबर, डिअरबॉर्न आणि ॲन आर्बर

डिअरबॉर्न म्हणजे फोर्डचं गाव. रूज कारखान्याची धुराडी अजून दिसतात. वॉरन ॲव्हेन्यूवर दुकानांच्या पाट्या अरबीत, बेकऱ्यांतून झातर मसाल्याचा वास. २०२०च्या जनगणनेत इथल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं मूळ अरब देशांत असल्याचं सांगितलं. २०२२ पासून इथे मतपत्रिका अरबीतही मिळते. जवळच्या हॅमट्रॅमॅकमध्ये ती बंगालीत मिळते, हे ऐकून मी थक्क झाले. सीमाभागातल्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून किती वर्षं अर्ज करावे लागले, ते आम्ही पाहिलं आहे.

१२व्या मतदारसंघाच्या खासदार रशीदा तलैब, हाउसमधल्या पहिल्या पॅलेस्टिनी-अमेरिकन महिला. त्यांच्या जागेची चर्चाच कोणी करत नाही. चर्चा आहे ती गाझाची. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत मतदानात मिशिगनमधल्या लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी 'कोणालाही नाही' असा शेरा मारून बायडन यांच्यावरचा राग दाखवला होता. बेकरीत चहा देणाऱ्या तरुणाला भावाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तलैबबाईंना मत देणार, वरच्या रकान्याचं अजून ठरलं नाही. त्याचे नातेवाईक दक्षिण लेबनॉनमध्ये आहेत. पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी ॲन आर्बर, ६वा मतदारसंघ. विद्यापीठाचं गाव, झाडं पिवळीधमक, विद्यार्थी मतदानाच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसलेले. इथल्या डेबी डिंगेल यांच्या घराण्याकडे हाउसची जागा १९३३ पासून आहे. आधी सासरे, मग १९५५ ते २०१५ नवरा जॉन डिंगेल, ज्यांच्याएवढा दीर्घकाळ अमेरिकी काँग्रेसमध्ये कोणीही राहिलेलं नाही, आणि त्यानंतर स्वतः डेबी. नव्या नकाशाने डिअरबॉर्न त्यांच्यापासून वेगळं केलं तेव्हा त्या बिऱ्हाड उचलून ॲन आर्बरला आल्या. घराणेशाही आपल्याकडेच असते असं समजणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन पाहावं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर, जॅक्सन ते लान्सिंग

ओहायोच्या आणि इंडियानाच्या सीमेला लागून आडवा पसरलेला ५वा मतदारसंघ आम्ही एका सकाळीत ओलांडला. कापणी झालेले मक्याचे मळे, कोठारांवर ट्रम्पची नावं, खासदार रिपब्लिकन टिम वॉलबर्ग. जॅक्सनला थांबलो, कारण ६ जुलै १८५४ रोजी इथे ओकच्या झाडांखाली रिपब्लिकन पक्षाचं पहिलं राज्य अधिवेशन भरलं. तेव्हाचा तो पक्ष गुलामगिरीच्या प्रसाराविरुद्ध उभा राहिला होता.

याच दक्षिण सीमेवरून मिशिगन आणि ओहायो १८३५ मध्ये भांडले होते. टोलेडो शहराची पट्टी कोणाची, यावर दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर आल्या. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला त्या बदल्यात उत्तरेचं मोठं द्वीपकल्प. तेव्हा लोकांना तो तोट्याचा सौदा वाटला होता. पुढे तिथे तांबं आणि लोखंड निघालं. बेळगाव-कारवारचा वाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या मला सीमा अशा अदलाबदलीने मिटलेली पाहून हेवा वाटला.

लान्सिंग ही राजधानी, ७व्या मतदारसंघात. इथे खरी चुरस. एलिसा स्लॉटकिन यांनी सिनेटसाठी ही जागा सोडली. रिपब्लिकन टॉम बॅरेट, लष्करातून निवृत्त झालेले हेलिकॉप्टर वैमानिक, २०२२ मध्ये स्लॉटकिनकडून हरलेले. समोर डेमोक्रॅट कर्टिस हर्टेल, वडीलही याच नावाचे आणि राज्याच्या सभागृहाचे सभापती राहिलेले. मोटेलच्या टीव्हीवर एका कार्यक्रमात दोघांच्या जाहिराती इतक्या वेळा आल्या की मधला हवामानाचा अंदाज मला समजलाच नाही. गर्भपात, महागाई, सीमेवरचे स्थलांतरित, इलेक्ट्रिक गाड्या. स्वतः काय करणार हे सांगणारी जाहिरात क्वचित. बहुतेक दुसऱ्याला दोष देणाऱ्या.

कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर बसून भावाने मला नकाशाची सगळी गोष्ट सांगितली. या प्रवासात मला जे कळून घ्यायचं होतं ते हेच.

२०११ साली राज्याची सत्ता रिपब्लिकनांकडे होती आणि नकाशा त्यांनीच आखला. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हाउससाठी राज्यभर डेमोक्रॅटांना जास्त मतं पडली, तरी चौदापैकी नऊ जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. १४वा मतदारसंघ पाँटिॲकपासून वळसे घेत साउथफील्डमार्गे डेट्रॉइटमधून थेट ग्रोस पॉइंटला पोचत होता. विरोधकांची मतं एका ठिकाणी कोंबायची, उरलेली पातळ करून पसरवायची, हे तंत्र डेमोक्रॅटांची सत्ता असलेल्या राज्यांतही चालतं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फाही नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर लिहिलं की मिशिगनमधली ही सीमांची लबाडी आपल्याला मोडायची आहे, कोणाला बरोबर यायचं असेल तर कळवा. ती राजकारणी नव्हती की वकीलही नव्हती. हजारो स्वयंसेवक जमले. घटनादुरुस्ती मतदानाला आणण्यासाठी सव्वातीन लाखांच्या आसपास सह्या लागत होत्या. यांनी सव्वाचार लाखांहून जास्त गोळा केल्या, जत्रांत उभं राहून, फुटबॉलच्या सामन्यांबाहेर, हायवेवरच्या विश्रांतीथांब्यांवर. भावाने आणि भावजयीनेही त्यात सह्या केल्या होत्या. २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी होकार दिला.

त्यातून तेरा सामान्य नागरिकांचा आयोग तयार झाला. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याही पक्षाचे नाहीत. नऊ हजारांवर अर्ज आले, त्यातून दोनशे सोडतीने निवडले, विधिमंडळाच्या चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावं वगळण्याची मुभा दिली आणि ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा सोडत काढून तेरा जण ठरवले. त्यांच्या बैठका उघड्यावर, प्रत्येक रेघ सगळ्यांसमोर. २८ डिसेंबर २०२१ला त्यांनी हाउसचा नकाशा आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर केला. त्याला त्यांनी 'चेस्टनट' असं नाव दिलं होतं.

माझं मत विचाराल तर ही या देशातली मी पाहिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट. पण परवाच्या आजींचा प्रश्न मी विसरू शकत नाही. याच आयोगाने आखलेल्या राज्य विधिमंडळाच्या डेट्रॉइट भागातल्या तेरा जागांच्या सीमा वंशाच्या आधारे आखल्या गेल्या म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने रद्द केल्या. हाउसचा नकाशा टिकला. नेत्यांच्या हातून पेन काढून घेतल्याने काम संपत नाही. नंतर ज्याच्या हाती ते येतं त्याने डेट्रॉइटच्या ओट्यांवर बसून लोकांचं ऐकलं पाहिजे.

बुधवार, ३० ऑक्टोबर, ग्रँड रॅपिड्स

३रा मतदारसंघ. जेरल्ड फोर्ड इथून १९४९ ते १९७३ हाउसमध्ये होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. नदीकाठच्या त्यांच्या संग्रहालयाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. काल्डरचं अजस्र लाल शिल्प शहराच्या चौकात उभं आहे, त्याच्या खाली मुलं सायकली फिरवत होती.

दोन वर्षांपूर्वी इथे जे घडलं ते पुढे बरीच वर्षं सांगितलं जाईल. रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांनी जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. असं करणारे त्या पक्षाचे फक्त दहा जण होते. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेल्या जॉन गिब्ज यांनी त्यांना हरवलं. आणि गिब्ज समोर आले तर सोपं जाईल म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीनेच त्यांना बळ देणाऱ्या जाहिरातीवर पैसा ओतला. नंतर हिलरी शोल्टन जिंकल्या. डेमोक्रॅटांनी ही जागा मिळवली, पण ज्याने स्वतःची कारकीर्द पणाला लावून सदसद्विवेकाने मत दिलं त्याला पाडायला हातभार लावणं मला मुळीच पटलं नाही.

येताना हॉलंड गावात थांबलो. हा ४था मतदारसंघ, बिल हुइझेंगा यांचा, डच वस्तीचा. सरोवरावरचा वारा, स्वच्छ रस्ते, निवडणुकीची गडबड कुठेच नाही. मग रात्रीच्या काळोखात थेट ट्रॉय.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर, डिक्विंडर रोड

सकाळी फराळ, मग ९व्या मतदारसंघात रोमियोजवळच्या बागेतून सफरचंदं आणली. लिसा मॅक्लेन यांचा बालेकिल्ला, सगळीकडे एकाच रंगाचे फलक.

भावाच्या घरापासून थोडं पूर्वेला डिक्विंडर रोड आहे. या बाजूला ट्रॉय, ११वा मतदारसंघ. पलीकडे स्टर्लिंग हाइट्स, १०वा. रस्ता तोच, पेट्रोल पंप तसेच, भारतीय किराणा दोन्हीकडे. पण अलीकडच्या अंगणांत स्टीव्हन्सचे चार फलक तुरळक उभे आणि पलीकडे जॉन जेम्स व कार्ल मार्लिंगा यांच्या फलकांनी पदपथ भरलेले. २०२२ मध्ये जेम्स फक्त १,६०० च्या आसपास मतांनी जिंकले होते. मोटारकारखान्यांतल्या, एके काळी डेमोक्रॅट असलेल्या आणि १९८० च्या दशकात रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनकडे वळलेल्या कामगारांचा हा मॅकोंब काउंटी. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्याच्या दारी कोणी येत नाही आणि पलीकडच्याच्या दारावर एका दिवसात तीन-तीन कार्यकर्ते टकटक करतात. नकाशावरच्या रेषेची ताकद पाहायची तर या रस्त्यावर उभं राहावं.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकत्र आले. अंगणात पणत्या लावल्या होत्या, त्यांतून वाट काढत भुतांच्या वेषातली पोरं चॉकलेट मागायला आली. भावजयीने प्रत्येकाला एक चकलीही दिली.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, फ्लिंट आणि मॅकिनॉचा पूल

पहाटे उत्तरेकडे निघालो. फ्लिंट, ८वा मतदारसंघ. जनरल मोटर्स १९०८ मध्ये इथे जन्मली आणि १९३६-३७ चा कामगारांचा प्रसिद्ध ठिय्या संपही इथलाच. २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला, नळांतून शिसं आलं, मुलांच्या रक्तात गेलं. १९६० मध्ये या शहरात १ लाख ९७ हजार लोक होते, आता ८१ हजारांच्या घरात. जेवणाच्या टपरीवर पाण्याचा ग्लास मागितला तर बाईने न विचारता सीलबंद बाटली आणून ठेवली.

डॅन किल्डी यांनी यंदा निवृत्ती घेतली. त्यांच्याआधी त्यांचे काका १९७७ पासून खासदार होते. आता राज्य सिनेटर क्रिस्टन मॅकडोनल्ड रिव्हेट विरुद्ध पॉल युंग. फ्लिंट आणि सॅगिनॉचे कामगार, मिडलंडमधले डाऊ केमिकलचे अभियंते, बे सिटीचे बंदरकामगार, सगळे एका मतदारसंघात. आयोगाने हा असा जोडल्यामुळेच इथे चुरस आहे.

संध्याकाळी मॅकिनॉचा पूल. सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन द्वीपकल्पांना जोडणारा. तो १ नोव्हेंबर १९५७ला खुला झाला होता, आणि आम्ही नेमके त्याच तारखेला त्यावरून गेलो. मिशिगनमधलं कोणीही आपलं गाव तळहातावर दाखवतं, कारण खालचं द्वीपकल्प हातमोज्याच्या आकाराचं आहे. पूल ओलांडला की तो हात संपतो.

शनिवार, २ नोव्हेंबर, मार्केट शहर

१ल्या मतदारसंघात वरचं अख्खं द्वीपकल्प आणि खालच्याचा उत्तर भाग येतो. द्वीपकल्पात राज्याचे तीन टक्के लोक राहतात. तासन्‌तास देवदार आणि बर्च, मधूनच सुपीरियर सरोवर, आभाळाएवढं. पश्चिम टोकाच्या चार काउंट्यांचं घड्याळही एक तास मागे, त्यामुळे तिथलं मतदान राज्यात सगळ्यांत शेवटी बंद होतं. आयर्नवूडच्या माणसाला डेट्रॉइटपेक्षा शिकागो जवळ.

खासदार जॅक बर्गमन, मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट जनरल. डेमोक्रॅटांकडून कॅली बार. मार्केट शहरातल्या एका खानावळीत आम्ही पेस्टी खाल्ली. कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेला हा पदार्थ, करंजीच्या आकाराचा पण हातभर, आत मांस, बटाटा आणि रुटाबागा नावाचा कंद. माझ्यासाठी त्यांनी नुसत्या भाज्यांची केली. शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त खाणकामगाराने सांगितलं की त्याला बर्गमन आवडतात, पण जवळच्या दवाखान्यातला प्रसूतिविभाग बंद झाला आणि नातीला बाळंतपणासाठी दोन तास गाडीने न्यावं लागलं, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. आमच्या चंदगडातून बेळगाव गाठणाऱ्या बाळंतिणी मला आठवल्या.

रविवार, ३ नोव्हेंबर, परतीच्या वाटेवर

मोटेलच्या खोलीत भाऊबीज झाली. कागदी ताटलीत निरांजन ठेवायचं म्हणून आधी धुराची घंटा कुठे आहे ते पाहिलं. भावाने ओवाळणीत मिशिगनचा मोठा नकाशा दिला, मतदारसंघांच्या सीमा रंगवलेला.

वाटेत क्लेअर, २रा मतदारसंघ, जॉन मूलनार यांचा. एका टाउनशिपच्या छोट्या सभागृहाबाहेर लवकर मतदानाच्या शेवटच्या दिवसाची रांग होती. या राज्यात निवडणूक घेणारे १,५०० च्या वर स्थानिक क्लार्क आहेत, त्यातले बरेचसे अशाच एका-दोन खोल्यांतून काम करणारे. आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग नाही. २०२० नंतर या क्लार्कांना धमक्या आल्या, तरी ते पुन्हा टेबल मांडून बसले आहेत. त्यांच्यासमोर मी मनोमन हात जोडले.

बुधवार, ६ नोव्हेंबर, ट्रॉय

काल रात्री आठला मतदान संपलं आणि आम्ही जागत बसलो. राज्यात ५६ लाखांहून जास्त मतं पडली. दुपारी ट्रम्प यांनी मिशिगन जिंकल्याचं जाहीर झालं, फरक ८० हजारांच्या आसपास. सिनेटला स्लॉटकिन जेमतेम १९ हजारांनी निवडून आल्या.

तेरा जागांत एकच पालटली, ७वी. स्लॉटकिन यांनी सोडलेली जागा बॅरेट यांनी सुमारे पावणेचार टक्क्यांनी घेतली. ८वी मॅकडोनल्ड रिव्हेट यांनी राखली. १०व्यात जेम्स यांचं मताधिक्य वाढलं. शोल्टन परत आल्या, ठाणेदारही दोनतृतीयांशांहून जास्त मतं मिळवून. डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले आणि त्याच मतपत्रिकांवर तलैब यांनी तिथे मोठी आघाडी घेतली. बेकरीतल्या त्या तरुणासारखे अनेक जण होते. राज्याचा हिशेब सात डेमोक्रॅट आणि सहा रिपब्लिकन होता, तो आता उलटा झाला.

भाऊ उदास होता. मी त्याला म्हटलं, मतं जवळजवळ निम्मी-निम्मी पडली आणि जागा सात-सहा झाल्या, यात तुम्ही सह्या केलेल्या त्या कागदाचं काम झालं. २०१२ मध्ये जास्त मतं मिळवून पाच जागा मिळाल्या होत्या, ते आठव.

मला २० तारखेच्या आत चंदगडला पोचायचं आहे, विधानसभेचं मत द्यायला. तो इथेच राहणार. पुढची जनगणना २०३० मध्ये, आणि आयोगासाठी पुन्हा अर्ज मागवतील. तो कधी उमेदवार नव्हता, पक्षाचा पदाधिकारीही नव्हता, म्हणजे पात्र आहे. "तू अर्ज कर," मी म्हटलं. "आणि सोडतीत नाव लागलं तर पहिली बैठक डेट्रॉइटला घ्यायला सांग." त्याने फोन काढला आणि मागच्या वेळचा अर्ज कसा होता ते शोधायला लागला.